नाताळच्या सुटीत घरच्यांना घेऊन इमॅजिकाला जाताना

नाताळची सुटी ही आपल्याकडील शाळांच्या वेळापत्रकातील सर्वांत आखूड सुटी असते. दिवाळीची सुटी फराळ, पाहुणे आणि गावी जाण्या-येण्यात संपते, मे महिन्यात दुपारचे ऊन घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि मग डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मुलांच्या हाती जे थोडे दिवस उरतात त्यांत ‘एक दिवस तरी कुठेतरी जाऊ’ हा हट्ट जवळजवळ प्रत्येक घरात सुरू होतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यात तो हट्ट बहुतेक वेळा रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ असलेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानापाशी येऊन थांबतो. आजच्या पालकांपैकी पुष्कळ जण लहानपणी फेरीबोटीने खाडी ओलांडून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलेले असतात. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले खोपोलीचे थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये खुले झाले, पुढे त्याला जोडून वॉटर पार्क, बर्फाचे पार्क आणि हॉटेल आले, आणि २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे.

या सहलीचे नियोजन करताना बहुतेक कुटुंबे राइडची यादी करतात आणि ‘सगळ्या व्हायलाच हव्यात, पैसे वसूल झाले पाहिजेत’ अशा ईर्ष्येने निघतात. माझ्या मते दिवस बिघडण्याचे मुख्य कारण हेच आहे. उद्यानात मिळणारे सात-आठ तास आणि सुटीतल्या रांगा यांचा हिशेब मांडला तर सर्व राइड होणे शक्यच नसते, आणि ते शक्य करण्याच्या धडपडीत दुपारी तीनपर्यंत लहान मूल रडकुंडीला येते, आजीचे गुडघे बोलू लागतात आणि आई-वडिलांमध्ये धुसफूस सुरू होते. म्हणून नियोजन घड्याळ समोर ठेवून करावे, आणि ते घड्याळ घरातील सर्वांत लहान व सर्वांत वयस्क व्यक्तीचे असावे.

दिवस कोणता निवडावा

सुटीच्या आठवड्यातील सर्व दिवस सारखे नसतात. २५ डिसेंबर, ३१ डिसेंबर आणि त्यांच्या आगेमागे येणारे शनिवार-रविवार हे सर्वाधिक गर्दीचे दिवस असतात, आणि त्या दिवशी तिकिटाचा दरही चढा असण्याची शक्यता असते. २६ ते ३० डिसेंबर या काळात येणारा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार त्या मानाने बरा. ज्यांच्या मुलांच्या शाळेला नाताळात एखादाच दिवस सुटी असते त्यांनी त्या एका दिवसावर सहल न लादता, सुटीनंतरच्या जानेवारीतील एखादा दिवस मुलाला शाळेतून मोकळे करून घ्यावा. शिस्तीच्या दृष्टीने हा सल्ला देताना थोडा संकोच वाटतो, परंतु रांगेतले दोन-तीन तास वाचत असतील तर तो विचारात घेण्याजोगा आहे.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आडवाराला गर्दी नसेल असे समजून डिसेंबरच्या मध्यावर जाणाऱ्यांना फाटकापाशी शाळांच्या बसगाड्यांची रांग दिसते, कारण शालेय सहलींचा हंगामही हाच असतो. एकेका शाळेची शंभर-दोनशे मुले एकाच वेळी एकाच राइडपाशी येतात आणि रांग अचानक लांबते. अर्थात या मुलांना अंधार पडण्यापूर्वी परतीच्या वाटेला लागायचे असते, त्यामुळे चारच्या सुमारास शिक्षकांच्या शिट्ट्या वाजू लागल्या की तीच रांग बघता बघता ओसरते. सहलींच्या दिवशी गेलो असू तर मोठ्या राइड त्या वेळेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. २५ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात मात्र पुष्कळ शाळा बंद असल्यामुळे सहली फारशा नसतात, सगळी गर्दी कुटुंबांची असते, आणि ती संध्याकाळपर्यंत हलत नाही.

उद्यानाच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात, आणि देखभालीसाठी एखादी राइड बंदही असते. या दोन्ही गोष्टी आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहाव्यात. मूल ज्या राइडसाठी महिनाभर दिवस मोजत आहे तीच बंद असेल, तर ते घरी कळलेले बरे.

उंची, तिकीट आणि खर्च

तिकिटे संकेतस्थळावरून आधी काढावीत. खिडकीवरच्या रांगेचा वेळ वाचतोच, शिवाय आगाऊ खरेदीवर, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर किंवा ज्येष्ठ नागरिकांना काही सवलत आहे का हेही निवांतपणे पाहता येते. थीम पार्क, वॉटर पार्क आणि बर्फाचे पार्क यांची तिकिटे वेगवेगळी असतात, हे ‘एकदा आत गेलो की सगळे बघू’ असे धरून चालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकण्याचा मोह हिवाळ्यात तर मुळीच करू नये. दोन्हीकडे अर्धवट दिवस जातो आणि मुले ओल्या केसांनी थंडीत सापडतात.

मुलांचे तिकीट येथे वयावरून ठरत नाही, उंचीवरून ठरते, आणि राइडवर बसू देण्याचा निर्णयही उंचीवरूनच होतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला घरी दाराच्या चौकटीला टेकवून, पायातले काढून, डोक्यावर पुस्तक आडवे धरून उंची मोजावी आणि ती सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवावी. मग संकेतस्थळावर प्रत्येक राइडसाठी दिलेली किमान उंची पाहून, मुलाला शेजारी बसवूनच यादी करावी. हे काम फार महत्त्वाचे आहे. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी बोटभर कमी भरणाऱ्या मुलालाही आत सोडत नाही. सोडू नयेच, कारण खांद्यावरून येणारा बंद ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो आणि लहान मूल त्यातून निसटू शकते. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर, मोठ्या भावाला आत जाताना पाहत, पट्टीखाली टाचा उंचावून उभे राहिलेले आणि तरीही परत पाठवलेले सात वर्षांचे मूल पुढचा तासभर कशानेही समजत नाही. तेच मूल ‘नायट्रोला आपण पुढच्या वेळी, आत्ता गोल्ड रश एक्स्प्रेस’ हे घरीच ठरवून आलेले असले तर पट्टीकडे ढुंकूनही पाहत नाही.

रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे भरून मिळणारी एक्स्प्रेस सोय घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आडवारी जाणार असाल आणि मुले लहान असतील तर तिची गरज नाही, कारण लहानांच्या राइडची रांग एरवीही फार लांब नसते. नाताळच्या आठवड्यात, घरात तेरा-चौदा वर्षांची मुले असतील आणि त्यांचा सगळा जीव मोठ्या राइडमध्ये असेल, तर ती घेण्यात अर्थ आहे, पण तीसुद्धा जे बसणार आहेत त्यांच्यापुरतीच. आजी-आजोबांसाठी ती घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

खर्चाचा अंदाज बांधताना घरोघरी तिकिटे आणि पेट्रोल-टोल धरले जातात. अंदाज चुकतो तो जेवण, लॉकर, राइडवर काढलेले छायाचित्र आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर असलेली खेळण्यांची दुकाने यांच्यामुळे. तिकिटासोबत जेवणाचे कूपन मिळत असेल तर सहा माणसांच्या कुटुंबाला ते सहसा परवडते. खेळण्यांच्या बाबतीत प्रत्येक मुलाला ठरावीक रक्कम सकाळीच सांगून टाकावी. दुकानात शिरल्यानंतर केलेल्या वाटाघाटींत पालक कधीही जिंकत नाहीत.

जाण्याचा रस्ता

मुंबईहून किंवा पुण्याहून, दोन्ही बाजूंनी, द्रुतगती मार्गावरून खालापूर-खोपोलीच्या परिसरात बाहेर पडून पालीच्या रस्त्याला लागावे लागते. उद्यान घाटाच्या पायथ्याशी आहे, ही गोष्ट वेळेचा अंदाज बांधताना उपयोगी पडते. मुंबईकरांना बोरघाट चढावा लागत नाही, परंतु शनिवारी सकाळी किंवा ३१ डिसेंबरला लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची जी कोंडी घाटात होते तिचे शेपूट खालच्या टोलनाक्यापर्यंत येते आणि त्या शेपटात तेही अडकतात. पुणेकर घाट उतरून येतात, तेव्हा सकाळचा प्रवास त्यांना सोपा जातो. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी घाटातून खाली येत असते आणि पुणेकर तेव्हा वर चढत असतात, म्हणून त्यांचा परतीचाही रस्ता तुलनेने मोकळा असतो. मुंबईकरांनी मात्र रविवार शक्य तो टाळावा, आणि शनिवारी जाणारच असतील तर सकाळी सहाच्या आत पनवेल मागे टाकावे. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी असल्याने तरुण मंडळींनी जुना महामार्गच धरावा.

गाडी नसेल तर मध्य रेल्वेची लोकल हा स्वस्त मार्ग आहे. कर्जतच्या पुढे खोपोलीपर्यंत लोकल जाते, पण त्या गाड्या मोजक्या असतात, आणि एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागते. म्हणून खोपोलीची थेट लोकल गाठून जावे, किंवा कर्जतला उतरण्याची तयारी ठेवावी. खोपोली स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात. परतीच्या रिक्षेचे काय हे त्याच रिक्षावाल्याशी सकाळीच बोलून घ्यावे, कारण अंधार पडल्यावर फाटकाबाहेर उभे राहून रिक्षा शोधणे लहान मुलांसह त्रासाचे होते. मुंबई आणि पुण्यातील ठरावीक थांब्यांवरून उद्यानाची बससेवाही असते. तिचे आरक्षण तिकिटासोबतच करता येते, आणि दिवसभर दमलेल्या चालकाच्या हाती गाडी देण्यापेक्षा तो पर्याय अनेकदा चांगला ठरतो.

सकाळी पोट भरलेले असावे, पण जड नसावे. घरूनच पोहे, उपमा किंवा इडली खाऊन निघावे. पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्समध्ये बटाटेवडा आणि खोपोलीत रमाकांतचा वडापाव हे मुंबई-पुणे प्रवासातले जुने नेम आहेत, आणि ते मोडावेत असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. हे नेम येताना पाळावेत, एवढीच विनंती आहे. तळलेले खाऊन तासाभरात रोलर कोस्टरवर उलटे टांगून घेण्याची हौस शेजारी बसणाऱ्यालाही महागात पडते.

काय घालावे, काय न्यावे

डिसेंबरच्या अखेरीस खोपोलीच्या परिसरात सकाळी स्वेटर हवासा वाटतो, अकरानंतर तोच कमरेला बांधून फिरावे लागते, आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळला की डोंगराकडून येणारा गारवा पुन्हा अंगाला झोंबतो. म्हणून जाड एका कपड्यापेक्षा पातळ दोन कपडे एकावर एक घालावेत. मुलांच्या कपड्यांचा आणखी एक संपूर्ण जोड, मोजे आणि अंतर्वस्त्रांसह, वेगळ्या पिशवीत घेऊन लॉकरमध्ये ठेवावा. टोपी आणि उन्हापासून बचावाचे मलम हिवाळ्यातही लागते, कारण दुपारचे ऊन चांगलेच चटका देते.

पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असावेत. नायट्रोच्या गाडीला तळच नाही. पाय अधांतरी लोंबकळत असतात, त्यामुळे सैल चप्पल पायात टिकत नाही. ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे लांब केस यांबाबत कोणतीही तडजोड करू नये. फिरत्या यंत्रापाशी ओढणी अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात, म्हणून मुली-महिलांनी ओढणी घरीच ठेवून कुर्ता-लेगिंग किंवा पँट घालावी, केस घट्ट बांधावेत, मंगळसूत्र आणि लांब माळ आत सारून घ्यावी. चष्म्याला दोरी लावावी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, परंतु तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे यांना सहसा हरकत घेतली जात नाही. चिवडा-लाडवांचा डबा गाडीतच ठेवावा, परतीच्या वाटेवर तो सोन्याच्या मोलाचा ठरतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सोबत असाव्यात.

दिवसाचा क्रम

फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे पोचणे, हा या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पहिल्या तासात आत आलेली माणसे विखुरलेली असतात आणि बहुतेक जण प्रवेशद्वाराजवळच छायाचित्रे काढत रेंगाळतात. त्या तासाभरात मोठ्या मुलांनी आणि एका पालकाने थेट नायट्रो गाठावी. सुमारे ४० मीटर उंचीची ही रोलर कोस्टर येथील सर्वांत मोठे आकर्षण असल्याने दुपारी तिच्यापाशी जेवढा वेळ लागतो त्याच्या काही अंशाने सकाळी काम होते. तिच्यानंतर अंधारात धावणारी डीप स्पेस आणि लंबकासारखी झुलत फिरणारी स्क्रीम मशीन उरकून घ्यावी. त्या वेळात दुसरा पालक लहानांना घेऊन टबी टेक्स ऑफ आणि घोड्यांचे चक्र यांच्याकडे जाऊ शकतो. कुटुंबाने दिवसभर एकत्रच राहिले पाहिजे असा आग्रह कशासाठी? सकाळी दोन तास फुटून जावे, ठरलेल्या वेळी जेवायला एकत्र यावे, आणि दुपारनंतर सर्वांनी मिळून बसण्याच्या राइड घ्याव्यात.

रांगेत उभे राहायचे की पुढे जायचे, हे ठरवण्यासाठी एक साधे गणित पुरते. राइडवर एका वेळी किती माणसे बसतात ते मोजावे, एक फेरी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती मिनिटे जातात ते घड्याळात पाहावे, आणि आपल्या पुढची डोकी अंदाजाने मोजावीत. समजा, एका फेरीत २४ जण बसतात आणि दर चार मिनिटांनी फेरी सुटते, तर तासाला १५ फेऱ्या आणि ३६० माणसे होतात. पुढे १८० माणसे असतील तर अर्धा तास लागणार. रांगेच्या लांबीवरून मात्र अंदाज फसतो. ज्या राइडवर एका वेळी थोडीच माणसे बसतात तिची आखूड रांगही सरकता सरकत नाही, आणि ज्या सभागृहात एकदम मोठा जथा आत घेतात तिथली लांबलचक रांग एका दमात नाहीशी होते. पाचवी-सहावीतल्या मुलाकडे हे गणित सोपवावे. हिशेब जुळतो का हे पाहण्यात त्याचा अर्धा तास कुरकुर न करता जातो.

पाण्यात भिजवणारी राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर ही राइड कधी घ्यावी, यावर हिवाळ्यातील संपूर्ण दुपार अवलंबून असते. होडी उंचावरून पाण्यात आदळते तेव्हा पुढच्या बाकावरील माणूस चांगलाच भिजतो. ही राइड बारा ते दोनच्या दरम्यान घ्यावी, म्हणजे कडक उन्हात फिरता फिरता कपडे अंगावरच वाळतात. चारनंतर घेतली तर जीन्सचे जाड कापड सूर्यास्तापर्यंत वाळत नाही, काखेत आणि कमरेपाशी ओल राहते, आणि मूल रात्री गाडीत कुडकुडत झोपते. सकाळी दहा-अकराला घेतली तर भिजलेल्या अंगावर वारा बसतो. जाता जाता मुलांना सांगण्यासारखे असे की राजासॉरस हा चित्रपटातला कल्पित प्राणी नाही. तो खराखुरा भारतीय मांसाहारी डायनोसॉर होता, त्याचे अवशेष गुजरातमध्ये सापडले, आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव देण्यात आले. हे माहीत असलेले मूल त्या होडीत वेगळ्याच रुबाबात बसते.

दुपारचे जेवण सर्व जग एक वाजता घेते, म्हणून आपण ते बाराच्या आत किंवा अडीचनंतर घ्यावे. जेवणानंतर तासभर उलटसुलट फिरवणाऱ्या राइड टाळून बसून पाहण्याच्या गोष्टी घ्याव्यात. प्रचंड पडद्यासमोर पाय अधांतरी ठेवून भारताची आकाशातून सफर घडवणारे ‘आय फॉर इंडिया’ यासाठी उत्तम आहे आणि ते तीन पिढ्यांना एकत्र पाहता येते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना मात्र अशा हलत्या आसनांच्या राइडमध्ये रोलर कोस्टरपेक्षाही अधिक मळमळते, कारण डोळ्यांना दिसणारी गती आणि अंगाला जाणवणारी गती जुळत नाही. तसे झाले तर पडद्यावरून नजर काढून शेजारच्या स्थिर वस्तूवर ठेवावी किंवा डोळे मिटून घ्यावेत. खिशात आलेपाक किंवा आवळकाठी असावी.

पाचनंतर उजेड उतरू लागतो, तशी तान्ही मुले असलेली कुटुंबे निघू लागतात आणि मोठ्या राइडच्या रांगा पुन्हा आखूड होतात. सकाळी एखादी राइड राहिली असेल किंवा आवडलेली पुन्हा घ्यायची असेल तर हीच वेळ. अंधारात नायट्रोवर बसण्याचा अनुभव दिवसापेक्षा निराळा असतो, हे मोठी मुले तुम्हाला सांगतीलच.

आजी-आजोबा आणि तान्ही मुले

वयस्क मंडळींना सोबत नेऊ नये असे काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. त्यांना राइडवर बसायचे नसते, नातवंडांचा आनंद पाहायचा असतो. मात्र त्यासाठी दिवसभर त्यांना मुलांच्या मागे पळवत नेणे योग्य नाही. सकाळी आत शिरल्यावर सावलीतील, प्रसाधनगृहाजवळील एक बैठकीची जागा हेरावी आणि तिलाच घरचा तळ समजावे. दर दोन तासांनी सर्वांनी तिथे यावे. चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची प्रवेशद्वारापाशीच मागावी. पुष्कळ ज्येष्ठांना ती घेणे कमीपणाचे वाटते, तेव्हा ‘पिशव्या ठेवायला होईल’ असे म्हणून ती सोबत घ्यावी, चारनंतर आजोबा आपणहून तिच्यात बसतात. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचा किंवा मानेचा त्रास, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर वेगवान राइडवर बसूच नये, आणि ‘एकदा बसून बघा हो बाबा’ असा आग्रह मुलांना करू देऊ नये.

बाळ असलेल्या जोडप्याने मोठ्या राइडपाशी कर्मचाऱ्याला आधीच विचारावे की एकाने बसून आल्यावर दुसऱ्याला नव्याने रांग लावावी लागेल का. काही वेळा अदलाबदल करू देतात, काही वेळा नाही. बाळाची दुपारची झोप मोडू नये. एक ते तीनमध्ये ते बाबागाडीत सावलीला झोपले तर संध्याकाळ सर्वांची सुखाची जाते.

चुकामूक झाली तर

गर्दीत मूल हरवणे ही घटकाभराची गोष्ट असते. फाटकातून आत शिरताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढावा. शोधाशोध करण्याची वेळ आली तर ‘निळा की हिरवा शर्ट’ यावर वाद घालावा लागत नाही. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला दोन भ्रमणध्वनी क्रमांक पेनाने लिहावेत, कारण खिशातली चिठ्ठी भिजते. हरवल्यास गणवेशातील कर्मचाऱ्यापाशी जाऊन तिथेच उभे राहायचे, आई-बाबांना शोधत फिरायचे नाही, हे सकाळी गाडीत दोनदा वदवून घ्यावे. मोठ्यांसाठीही भेटीची एक खूण आणि वेळ ठरवावी. गर्दीच्या दिवशी फोन लागत नाही आणि दुपारपर्यंत व्हिडिओ काढून काढून बॅटरीही संपलेली असते.

परतणे की मुक्काम करणे

घरातील एकच माणूस गाडी चालवणारा असेल आणि तोही दिवसभर मुलांबरोबर फिरलेला असेल, तर रात्रीचा परतीचा प्रवास हा या सहलीतील सर्वांत धोक्याचा भाग आहे. पार्किंगमधून निघण्यापूर्वी त्याने अर्धा तास आसन मागे टाकून डोळे मिटावेत. तेवढ्या वेळात फाटकातून एकदम बाहेर पडणाऱ्या गाड्यांची गर्दीही ओसरते. पुण्याला जाणाऱ्यांनी घाटात वेगाची मर्यादा काटेकोर पाळावी. तिथे कॅमेरे आहेत, पण त्याहून मोठे कारण म्हणजे रात्रीची अवजड वाहने आणि पेंगुळलेले डोळे यांची जोडी चांगली नव्हे.

मुक्काम करायचा असेल तर खोलीचे आरक्षण नोव्हेंबरातच करावे. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रींसाठी अनेक हॉटेले मेजवानीचे वेगळे शुल्क सक्तीने लावतात, ते भाड्यात धरलेले आहे की वेगळे आहे हे लेखी विचारून घ्यावे. मुक्कामाचा मोठा फायदा असा की दुसरी सकाळ आजी-आजोबांच्या नावे करता येते. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीच्या अगदी जवळ आहे, आणि उद्यान ज्या रस्त्यावर आहे तोच पुढे पालीच्या बल्लाळेश्वराकडे जातो. १ जानेवारीला आणि संकष्टीला दोन्हीकडे दर्शनाची रांग मोठी असते, म्हणून तो दिवस आला तर सकाळी सातच्या आत देवळात पोचावे, पालीला दर्शनानंतर चहा-नाश्ता करावा आणि मुले सरसगडाकडे बोट दाखवून ‘वर जाऊया’ म्हणू लागली तर आदल्या दिवशीची पायपीट आठवून तो बेत पुढच्या हिवाळ्यावर टाकावा.